हॅडलॉकचा छऱ्यांचा मनोरा

लुएला रेहबाइन हॅडलॉक कार्ट्रिज कंपनीच्या चाचणी विभागात बंदुका उडवायची. दिवसभर तेच काम. कारखान्यात जे जे तयार होई त्याच्या प्रत्येक खेपेतली थोडी काडतुसे तिच्याकडे यायची. ती बंदूक पक्कडीत बसवून बार काढी, वेग मोजी, कागदावर छरे कसे पसरले ते बघे आणि खेप पास किंवा नापास करी. त्या विभागातली ती पहिलीच बाई. सुरुवातीला पुरुषांनी तिच्या खुर्चीवर गुलाबी उशी आणून ठेवली होती. ती तिने वापरली, कारण खुर्ची खरोखरच कडक होती.

मिसिसिपीच्या काठावर, इलिनॉयच्या बाजूला, केटर्स लँडिंग हे गाव हॅडलॉकच्याच जिवावर उभे राहिले होते. मूळचा हॅडलॉक कोळशाच्या खाणींना सुरुंगाची दारू पुरवायचा. मग खाणीतले लोक रविवारी शिकारीला जातात हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने काडतुसे भरायला घेतली. आधी पितळेची, मग मेण लावलेल्या कागदाच्या नळीची. दोन महायुद्धांत कारखान्याने सैन्यासाठी रायफलीच्या गोळ्या केल्या, तेव्हा निम्मे गाव रात्रपाळीला असे. युद्धे संपल्यावर पुन्हा ससे, खारी, तितर, बदके. पोरांना डबे उडवायला बोटाच्या पेराएवढ्या, बावीस कॅलिबरच्या गोळ्या, हरणासाठी जड गोळ्या, नेमबाजीच्या मातीच्या थाळ्यांसाठी हलके बार, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे हंसांसाठीचे लांब, लाल प्लॅस्टिकचे काडतूस. त्या लाल काडतुसावर गावाचा जीव होता. बायबलखालोखाल घरोघरी तेच सापडे.

त्या काडतुसातले छरे कारखान्याच्या उंच मनोऱ्यात तयार व्हायचे. मनोऱ्याच्या माथ्यावर कढईत शिसे वितळवायचे, पळीने चाळणीत ओतायचे. चाळणीतून निघालेला थेंब खाली पडता पडता गोल होई आणि तळाच्या पाण्यात जाऊन थंड होई. वर कढईपाशी लुएलाचे वडील, ऑगस्ट रेहबाइन उभे असायचे. गाव त्यांना गस म्हणे. त्यांच्याआधी तिथे त्यांचे वडील होते. गस पायऱ्या चढून जायचे, जेवणाचा डबा वरच खायचे आणि पाळी संपली की उतरायचे. बायको गेल्यावर मनोरा, घर आणि शिकारीचा क्लब एवढेच त्यांचे जग उरले.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या शरदात सरकारने फर्मान काढले, की नदीच्या खोऱ्यातल्या काही पाणथळींत शिशाचे छरे वापरायचे नाहीत, पोलादाचेच वापरायचे. पक्षी चिखलातले शिशाचे छरे दाणे दळायला लागणारे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हॅडलॉकने पोलादी छऱ्यांचे काडतूस आधीच तयार केले होते. ते शिकाऱ्यांना समजावून सांगायला कोणाला पाठवायचे हा प्रश्न आला, तेव्हा विभागाच्या साहेबाने लुएलाकडे बोट दाखवले.

"तूच जा. तू गसची मुलगी. तुला कोणी अंडी मारणार नाही."

सभा लुथरन चर्चच्या तळघरात भरली. कॉफीचा मोठा डबा, ॲपल-पाय, घडीच्या खुर्च्या. लुएलाने काडतूस कापून आतले छरे ताटलीत ओतले आणि सांगायला सुरुवात केली. पोलाद हलके, म्हणून दाणा मोठा घ्यायचा. लांबून मारायचे नाही, पक्षी जवळ येऊ द्यायचा. बंदुकीच्या नळीला चरे पडत नाहीत, कारण छऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी आहे.

"म्हणजे तुझ्या काडतुसाला हंसाच्या शेपटीवर मीठ टाकण्याइतकं जवळ जावं लागतं म्हण ना!" न्हावी ऑर्व्हिल टिश मागून ओरडला. लोक खो खो हसले.

"ऑर्व्हिल, तू लांबून मारतोस तेव्हा तरी कुठं लागतो?" लुएला म्हणाली. हशा तिच्या बाजूला वळला. तिला वाटले, जमतेय.

मग गस उभे राहिले. त्यांनी टोपी काढली नव्हती.

"माझ्या बापानं शिसं ओतलं, मी ओततो," ते म्हणाले. "या खोलीतल्या प्रत्येकानं आमच्या हातचे छरे झाडलेत. इतकी वर्षं हंस येतायत, जातायत. आता वॉशिंग्टनच्या कोणाला तरी स्वप्न पडलं आणि कंपनीनं माझ्याच पोरीच्या हातात ही लोखंडाची खडी देऊन पाठवलं. मी नाही वापरणार. ज्याला वापरायची त्यानं वापरावी."

ते बसले. टाळ्या पडल्या. लुएलाने ताटलीतले छरे गोळा केले. दोघे गाडीतून घरी आले. दारात उतरताना गस म्हणाले, "शनिवारी पहाटे शिकारीला निघायचं. तुझी खडी घेऊन ये. बघू या."

क्लबची जागा फर्मानाच्या हद्दीबाहेर, थोडी वरच्या अंगाला होती, त्यामुळे गसना लाल काडतुसे नेता आली. मक्याच्या ताटांनी झाकलेल्या आडोशात बापलेक बसले. मॉली कुत्री पायाशी. थर्मासमधली कॉफी दोघांत मिळून. उजाडताच हंस नदीवरून उठले. पहिल्या थव्यातला एक लुएलाने पाडला, स्वच्छ, जागच्या जागी. गसनी "हं" एवढेच म्हटले. दुसरा थवा उंच होता. गसनी बंदूक उचलली, पण नळी वर जाता जाता खाली आली. बार पाण्यात गेला.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. हातमोजा अडकला."

तेवढ्यात मॉली लव्हाळ्यांमध्ये घुसून भुंकायला लागली. जाऊन पाहतात तो एक हंस चिखलात बसलेला. गोळीची खूण कुठे नाही. कुत्री नाकाशी आली तरी उडेना. पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे लोंबत होते आणि छातीचे हाड पिसांतून वर आले होते. गसनी त्याला उचलले. ऐन हंगामातला नर, पण कोंबडीएवढाही भरेना. त्यांनी त्याची मान मुरगळली आणि पिशवीत टाकला.

दुपारी स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर त्यांनी दोन्ही पक्षी साफ करायला घेतले. लुएलाचा हंस चरबीने पिवळा होता. दुसऱ्याचे पोट उघडले तर दाणे दळायची कोथळी हिरवी पडलेली. गसनी ती चिरली. आत वाळूच्या खड्यांमध्ये झिजून बटणासारखे चपटे झालेले शिशाचे छरे होते.

गसनी एक नखावर घेऊन उजेडात धरला. "आमचा असेल किंवा नसेलही," ते म्हणाले. "सांगता येत नाही."

लुएला छऱ्याकडे बघत नव्हती. ती वडिलांच्या हाताकडे बघत होती. उजवा हात मनगटापासून खाली लोंबला होता आणि तो सरळ करायला त्यांनी डाव्या हाताने खालून आधार दिला होता. हे तिने गेले कित्येक महिने पाहिले होते. कॉफीचा कप धरताना, बूट बांधताना. संधिवात असेल असे ती धरून चालली होती. पोटात कळ येते म्हणून ते सोडा घ्यायचे, तेही तिला ठाऊक होते.

"पप्पा, हात वर करा. नुसतं मनगट."

"कशाला?"

"करा ना."

मनगट उचलले गेले नाही. गसनी हात मांडीवर ठेवला.

"डॉक्टरला दाखवू या. रक्त तपासू या."

"मी काय हंस आहे?" ते भडकले. "कंपनीचा डॉक्टर दर वर्षी रक्त घेतो. ठीक आहे म्हणतो. माझा बाप वर उभा राहून म्हातारा झाला."

"आजोबांचे हात कसे होते शेवटी?"

गसनी पाण्याची बादली ओतून ओटा धुतला. हिरव्या कोथळीचा हंस त्यांनी परसात खोल खड्डा करून पुरला. कुत्रीने उकरू नये म्हणून वर फरशी ठेवली.

ते लगेच काही तयार झाले नाहीत. थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात मनोऱ्यावर त्यांच्या हातातून पळी सुटली. शिसे बुटाजवळ सांडले. भाजले नाही, एवढेच. त्यांनी ही गोष्ट लुएलाला आपणहून सांगितली, टर्कीला मसाला लावत असताना, हवापाण्याबद्दल बोलावे तशी. सोमवारी ती त्यांना नदीपलीकडे सेंट लुइसला घेऊन गेली.

डॉक्टर मेलनिक तरुण होती. तिने रक्ताचा अहवाल पाहिला आणि विचारले, "मिस्टर रेहबाइन, तुम्ही अजून कामावर कसे जाता?"

"पायऱ्या चढून," गस म्हणाले.

ती हसली नाही. शिसे किती आहे ते तिने सांगितले, आणि हेही सांगितले की इतके एका वर्षात साठत नाही. आधीच्या तपासण्यांतही ते दिसलेच असणार. गसनी टोपी हातात फिरवली. बाहेर आल्यावर ते गाडीत बसले.

"ठीक आहे म्हणायचा," ते म्हणाले. "माझा खांदा थोपटून म्हणायचा."

लुएला साहेबाकडे गेली. आरडाओरडा करायचे तिने मनाशी ठरवले होते, पण तशी वेळ आली नाही. साहेबाने सगळे ऐकून घेतले, कंपनीला खेद वाटतो म्हणाला आणि गसना मनोऱ्यावरून काढून बावीसच्या गोळ्यांच्या पॅकिंगमध्ये टाकले. कंपनीच्या डॉक्टरबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तो डॉक्टर पुढल्या वसंतात फ्लोरिडाला निघून गेला. लुएलाने नोकरी सोडण्याचा विचार केला, आणि सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर पोलादी काडतुसांची नवी खेप होती. तिने ती तपासली आणि नापास केली.

पॅकिंगच्या खोलीत सगळ्या बायका होत्या. चिमुकल्या डब्यांत गोळ्या भरायच्या, झाकण लावायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी गसना फुलाफुलांचा ॲप्रन दिला.

"नवी पोरगी अंगानं जरा थोराड आहे," एक म्हणाली.

"आणि मिशी आहे," दुसरी म्हणाली.

गसनी ॲप्रन बांधला. बोटे नीट चालत नव्हती, त्यामुळे त्यांचे डबे सांडायचे आणि बायका न बोलता उचलून द्यायच्या. औषधांनी उन्हाळ्यापर्यंत मनगट बरेचसे वर आले. पूर्ण कधीच आले नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या त्यांना पत्ते खेळायला घेत आणि हरले की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून केक वसूल करत.

पुढल्या शरदात चर्चच्या तळघरात पुन्हा सभा झाली. लुएलाला वाटले होते, पप्पा उभे राहून काही बोलतील. ते आले, ॲपल-पाय खाल्ली आणि गप्प बसले. ऑर्व्हिलने शेपटीवरच्या मिठाचा विनोद पुन्हा केला. पोलादी काडतुसे त्या वर्षी फारशी खपली नाहीत. ती खपायला लागली बऱ्याच वर्षांनी, बंदी देशभर झाल्यावर, आणि त्याच सुमारास मनोरा बंद झाला. निरोपाच्या समारंभात बँड होता. लुएला चाचणी विभागातर्फे चार शब्द बोलली. गस घरीच राहिले. गवत कापायचे आहे म्हणाले.

बंदूक त्यांनी हंसांच्या शिकारीच्या त्या शनिवारनंतर उचलली नव्हती. खांद्याला लावता येते का हेही त्यांनी कधी करून पाहिले नाही. ते मासे धरायला जाऊ लागले. रविवारी लुएला सोबत जाई. असेच एकदा धक्क्यावर बसलेले असताना गसनी गळ पाण्यात बुडावा म्हणून दोरीला लावतात ती शिशाची चीर पाडलेली गोळी काढली, दोरी तिच्यात बसवली आणि दाबायला सवयीने दातांत धरली.

"पप्पा!"

"काय?"

"थुंका ते."

गस तिच्याकडे बघत राहिले, गोळी तशीच दातांत. मग त्यांनी ती तळहातावर थुंकली, कोटाला पुसली आणि खोक्यात पक्कड शोधायला लागले.

"सगळं जग असंच दाबतं," ते पुटपुटले.

"दाबू दे."

पक्कड त्यांच्या हातात नीट बसत नव्हती. लुएलाने मदतीला हात पुढे केला नाही. दोन-तीनदा निसटल्यावर गोळी दोरीवर घट्ट बसली आणि गसनी गळ पाण्यात लांब फेकला.