घरच्या दोन ओळी

साहेब, मुलींच्या वसतिगृहाला जाणारी वांगी तुम्ही स्वच्छ ठरवलीत, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

नमुना माझ्या वावरातून नेलात. आमच्या नांदूरघाटात जो तो घरी खायला दोन ओळी बिनफवारणीच्या राखतो, बाकी सगळं फवारलेलं, बाजाराचं; वसतिगृहालाही तेच जातं. पाहुण्याला घरचंच द्यावं म्हणून मी त्याच ओळींतली वांगी तोडून दिली. तुम्ही हसून म्हणालात, "राधाकिशन, घरची दिसतात." तरी तीच पिशवी तपासणीला गेली. मीही गप्प बसलो, ती चूक माझी.

पुढच्या महिन्यात पुतणी स्वप्नाली कॉलेजातून तळहाताएवढं यंत्र घेऊन आली. त्याच्या पट्टीवर डोळ्याला न दिसणारे सोन्याचे कण असतात. रसात फवारणीचं औषध असलं की पट्टीतली वीज बदलते आणि आकडा चढतो. घरच्या वांग्याला आकडा हलला नाही. बाजाराच्या वांग्याला मर्यादेच्या सहापट गेला.

"काका, हे त्या पोरी रोज खातेत? मंग आपण काहून खात न्हाई?"



यंत्र घेऊन तुमच्याकडं आलो, तर म्हणालात, "ते खेळणं घरी ठेवा, इथं आमचा अहवाल चालतो." मी माल पाठवणं बंद केलं. पण तुमचा दाखला अजून तिथल्या स्वयंपाकघरात टांगलाय आणि त्याच्या जोरावर दुसऱ्यांची पोती उतरतात.

साहेब, बाजाराच्या ओळीत उतरून नमुना घ्यायला कधी येता? तारीख सांगा.