तारेवरची नाडाछडी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहण्याची वेळ येऊ नये अशीच माझी प्रार्थना आहे. मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मला पाहायचं तर गाडीखालून उतरवावं लागतं, आणि माझ्यासारखा म्हातारा एकदा उतरला की परत चढतोच असं नाही. म्हणून मी जरा भित्रा आहे. हसलात तरी चालेल.

कारखान्यात माझ्या पोटात दातेरी चाकं बसवली, लाल तेल भरलं आणि एका बारीक तारेने मला इंजिनाशी जोडलं. ही तार म्हणजे माझे कान समजा. चालवणाऱ्याने पेडल दाबलं की ती ताणली जाते. हलकी ताणली तर मी समजतो, सावकाश जायचंय, आणि लगेच वरचा गिअर टाकतो. घट्ट ताणली तर समजतो, जोर हवाय, आणि खालचाच गिअर धरून ठेवतो. एवढंच माझं शहाणपण.

बनारसला मी आलो तो प्रमोदिनीबाईंसाठी. त्या भेलूपुरात राहतात आणि कॉलेजात गाणं शिकवतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय अधू आहे. त्यांना क्लच दाबणं जमत नाही, आणि माझ्या गाडीला क्लचच नाही. पहिल्याच दिवशी त्या एकट्या लंकेपर्यंत जाऊन आल्या. लंका म्हणजे इथला मोहल्ला हो, रावणाची नव्हे. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आज मला कुणाची वाट बघावी लागली नाही." तेवढं कौतुक मला आजवर पुरलंय.

त्यांचे यजमान रत्नाकरराव बँकेतून निवृत्त झालेले. माणूस लाखमोलाचा, पण काळजीने पोखरलेला. बाई गाडी घेऊन निघाल्या की हे त्या परत येईपर्यंत दारात उभे. दर खंडेनवमीला ते माझ्या गाडीची पूजा करत. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि बॉनेट उघडून आत एक नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल धागा. गल्लीत तिला कलावा म्हणतात. धागा बांधताना ते पुटपुटत, "हिला सांभाळ रे बाबा." हाताशी यायची ती नेमकी माझी तार. शेजारच्या नळीशी तिला ते करकचून आवळत. जुना धागा सोडायचा नाही, कारण तो पूजेचा. नवा त्याच्यावरच, आणि तार दरवर्षी थोडी अधिक ताणलेली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. मला वाटायचं, बाईंनाच हल्ली घाई असते.

मग माझा गिअर उशिरा बदलू लागला. इंजिन किंचाळायचं तरी मी पहिलाच गिअर धरून बसायचो. एकदा गोदौलिया चौकाच्या गर्दीत असाच अडकलो. शेवटी दुसरा गिअर टाकला तो इतका धाडकन, की गाडी हिसका खाऊन पुढे गेली. समोर रिक्षात शाळेच्या दोन मुली होत्या. बाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी रिक्षाला टेकता टेकता थांबली. एक मुलगी मागे वळून बघत होती. तिचा चेहरा आठवला की अजून माझं तेल गोठतं.

घरी हे कळताच रत्नाकरराव म्हणाले, "बस झालं. उद्यापासून तू गाडी चालवायची नाहीस."

लल्लन मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली. "गियर देर से बदल रहा है, बाबूजी. बक्सा खोलना पड़ेगा. पार्ट मिले न मिले. हमारी मानिए तो कबाड़ में दे दीजिए."

मित्रांनो, मराठीत खोल असते विहीर आणि हिंदीत खोल म्हणजे उघड. माझ्या दृष्टीने दोन्ही एकच. माझं धाबं दणाणलं. भंगारवाल्याचा हातोडा मला तिथेच ऐकू येऊ लागला.

रत्नाकररावांनी मान डोलावली, तेवढ्यात बाई काठी टेकत पुढे आल्या. "आधी तेल तर बघा." इंजिन गरम होतं, ते चालू ठेवूनच लल्लनने माझं तेल मापायची पट्टी ओढली. तेल पुरेसं होतं, लाल होतं, जळका वासही नव्हता. मग बाई म्हणाल्या, "मी पेडल हलकंच दाबते, तरी ही जोरात दाबल्यासारखी वागते. माझ्या पायाचं हिला कळतं कशानं?"

लल्लनने बॉनेटखाली बोट दाखवलं. "इसी तार से. मगर इस पर तो पूजा का धागा है, मैडम. हम हाथ नहीं लगाएँगे." आणि त्याने चक्क हात जोडले.

देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. इथे देवाच्या धाग्यानेच मला मारायला घेतलं होतं.

रत्नाकरराव पांढरेफटक पडले. "धागा सोडला आणि तुला काही झालं तर?"

"नाही सोडला तर मी घरात बसून राहीन," बाई म्हणाल्या. "ते काही होणं नाही का?"

त्यांनी बाह्या सरसावल्या. मग वाकले आणि नखांनी गाठी उकलू लागले. तेल आणि धुळीने त्या दगड झाल्या होत्या. खरं सांगू, मीही घाबरलो होतो. इतकी वर्षं या धाग्यामुळेच टिकलो असलो तर? शेवटची गाठ सुटली आणि तार सैल पडली. लल्लनने ती नीट बसवली. बाईंनी गाडी गल्लीत काढून पेडल दाबलं, अगदी हलकं. किती दिवसांनी मला त्यांचा पाय खरा कळला. दुसरा गिअर आला तो कुणाला ऐकूही गेला नाही. तो धाग्यांचा गुंता रत्नाकररावांनी मुन्शी घाटावर जाऊन गंगेत सोडला.

पण भीती काही गेली नाही. यंदा पुन्हा खंडेनवमी आली. बॉनेट उघडलं. नाडाछडी धरलेला तोच हात सवयीने माझ्या तारेकडे आला आणि मला पुन्हा तो भंगारवाल्याचा हातोडा ऐकू आला.

हात थांबला. रत्नाकरराव मागे वळले. "प्रमोदिनी, हात दे इकडे."

बाईंनी हात पुढे केला. "सैल बांधा हं. मला गाडी चालवायचीय."

त्यांनी गाठ मारली, धाग्याखालून स्वतःचं एक बोट फिरवून पाहिलं, आणि गाडीची किल्ली बाईंच्या हातात दिली.

मित्रांनो, ज्याची काळजी वाटते त्याला धागा जरूर बांधा. फक्त बांधल्यावर एकदा बोट घालून बघा.