दाजींचा डावा डोळा

दाजींच्या हाताला पट्टी बांधताना मेहुण्याचे हात इतके कापत होते की तीनदा गुंडाळी सुटून खाली घरंगळली.

"लढायचंय मला की तुला?" दाजी म्हणाले. "तुझी तर आत्ताच पाचावर धारण बसलीय."

"थंडी वाजतेय."

"घाम फुटलाय तुला, लेका."

दाजींच्या मुष्टियुद्धाच्या एकोणतीस लढती झाल्या होत्या आणि त्यांत एकही हार नव्हती. आज तिसावी आणि शेवटची. उद्यापासून दाजी हातमोजे खुंटीला टांगणार होते, आणि तेच बघायला बाहेर लोक दाटीवाटीने बसले होते.

मेहुण्याची भीती मात्र वेगळीच होती. दाजींना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. मागच्या लढतीत ठोसा बसला आणि त्या डोळ्यापुढे अंधार आला तो आलाच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "उजव्याचा पडदाही कडेला विरलाय. आणखी एखादा जोरात बसला की हाही जाईल. मग काठी घ्यावी लागेल." हे दोघांनाच ठाऊक होतं. ताई असती तर तिने ही लढत होऊच दिली नसती. पण ताईला जाऊन आठ महिने झाले होते, आणि दाजींना 'नाही' म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

युक्ती दाजींचीच. लढतीचा डॉक्टर एक डोळा झाकतो, समोर बोटं धरतो आणि विचारतो, किती? मेहुण्याने मागे उभं राहून तेवढ्याच टिचक्या दाजींच्या पाठीवर द्यायच्या. पंधरा दिवस दोघांनी स्वयंपाकघरात सराव केला. दाजी स्टुलावर, मेहुणा मागे, आणि पुढे बोटांऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा. सकाळच्या तपासणीत सगळं बिनबोभाट पार पडलं. डॉक्टर म्हणाला, "नजर चांगली आहे." मेहुणा तडक मोरीत गेला आणि ओकला.

पहिल्या चार फेऱ्या दाजींनी जुन्या सवयीवर मारून नेल्या. समोरचा चोवीस वर्षांचा होता, पण दाजी त्याच्या हाताला लागले नाहीत. पाचव्या फेरीत मात्र त्याच्या गुरूला काहीतरी उमगलं. तो दोरांपाशी येऊन ओरडायला लागला, "त्याच्या डावीकडून जा! म्हाताऱ्याला तिकडचं कळत नाही!"

मग ठोसे डावीकडूनच यायला लागले. प्रत्येक ठोशाला मेहुणा डोळे मिटायचा आणि उघडताना मनात म्हणायचा, डोक्यावर असू दे, बरगडीवर असू दे, कुठेही असू दे. सहाव्या फेरीच्या शेवटी एक ठोसा थेट उजव्या डोळ्यावर बसला. आवाज ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा आला.

घंटा झाली. दाजी स्टुलावर येऊन बसले. उजवी पापणी टरारून सुजली होती.

"काळे ठिपके उडतायत," ते हळूच म्हणाले.

"कुठल्या डोळ्यापुढे?"

"दुसरा कुठला उरलाय?"

"दाजी, पुरे करा. पाया पडतो."

"गुणांत पुढे आहे मी. दोनच फेऱ्या राहिल्यात. तोंड बंद ठेव, पाणी दे."

तेवढ्यात डॉक्टर दोरांमधून आत आला. मेहुणा स्टुलामागे जाऊन उभा राहिला. डॉक्टरने सूज चाचपली, मग, गुरूचं ओरडणं त्यानेही ऐकलं होतं म्हणून, तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्यासमोर दोन बोटं धरली.

"किती?"

मेहुण्याने पाठीवर एक टिचकी दिली. दुसरी दिली. दाजींच्या खांद्याचं हाड त्याच्या बोटाला लागत होतं. त्याच्या मनात आलं, उद्या सकाळी हा माणूस चाचपडत मोरीकडे जाईल. त्याने तिसरी टिचकी दिली.

"तीन," दाजी ठामपणे म्हणाले.

डॉक्टर सरळ उभा राहिला. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंचाला खूण केली. पंचाने लढत थांबवली आणि चोवीस वर्षांच्या पोराचा हात वर केला. लोकांतून शिट्ट्या सुरू झाल्या, पण कोणासाठी ते कळत नव्हतं.

आतल्या खोलीत दाजी बाकावर बसले. मेहुणा दाराला पाठ लावून उभा राहिला. जवळ जायचं धाडस त्याला होईना. दाजींनी आयुष्यभर लोकांना मारलं होतं, पण त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. आज उगारतील असं त्याला वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती ते काहीच बोलणार नाहीत याची.

दाजी म्हणाले, "किती दाखवली होती त्याने?"

"दोन."

"हात कापला तुझा. सकाळपासून कापतच होता."

मेहुण्याला सुटायची वाट मिळाली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही दाजी," तो म्हणाला. "तिसरी मी मुद्दाम दिली."

दाजींनी तोंड फिरवलं. ते दातांनी मनगटावरच्या पट्टीचं टोक शोधायला लागले. ते सापडेना. त्यांनी हात उजेडात धरला, सुजलेल्या डोळ्याजवळ नेला, पुन्हा लांब नेला.

"कात्री आण," ते शेवटी म्हणाले. "आणि बोलू नकोस माझ्याशी."

मेहुणा कात्री घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. दाजींनी हात पुढे केला.