तिसऱ्या सिलिंडरचा ताप

मित्रांनो, करंगळीएवढ्या अंगाचा आणि तारेच्या लांब शेपटीचा मी एक जुना सेन्सर आहे. एका छोट्या, दोन आसनी विमानाच्या इंजिनात, तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर मला पिळून बसवलं होतं. इंजिन किती तापलं हे वैमानिकाला सांगायचं, एवढंच माझं काम.

मला डोळे नाहीत. मी जग ओळखतो ते ऊब, गारवा आणि कानी पडणाऱ्या बोलण्यावरून. माझ्या टोकाशी दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आहेत. टोक तापलं की त्यांच्यात विजेची बारीकशी शिरशिरी उठते. ती वैमानिकापुढच्या पडद्यापर्यंत जाते आणि तिथे तिचा आकडा होतो. माझा कारखाना मला नीट आठवत नाही. आठवतो तो तपासणीच्या वेळचा बर्फाच्या पाण्यातला पहिला गारठा, आणि नंतर कुणीतरी मला पुसून डबीत ठेवलं ते.

आमचं विमान बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या पलीकडे माळावर, एका खाजगी धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतं. तलावांचे, ओढ्यांचे, शेतांचे वरून फोटो काढायला ते जातं. ढगाच्या सावलीतून जाताना कुणी अंगावरून ओलं फडकं फिरवल्यासारखं मला वाटे. उन्हात आलो की पुन्हा गुंगी येई. एकशे ऐंशी, एकशे ब्याऐंशी, एकशे एक्क्याऐंशी... झोपेत पुटपुटावं तसे मी आकडे सांगत राही. खाली उतरल्यावर वैमानिक रविराज इंजिनाच्या झाकणावर थाप मारून म्हणायचा, "लई शहाणं इंजिन हाय." त्यातली थोडी थाप आपलीही आहे, असं मी समजायचो.

मग एकदा माझ्या शेपटीचा जोड सैल झाला. धक्का बसला की शिरशिरी बिघडायची. पडद्यावर आकडा क्षणात शंभराने उसळायचा आणि लगेच खाली यायचा. रविराज दोनदा काम अर्धं टाकून परत आला. दोन्ही वेळा इंजिन ठणठणीत निघालं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या आकड्याकडे पाहिलंच नाही. "खोटारडा हाय हा," तो म्हणाला. आकड्यांखेरीज मला भाषा नाही.

त्याच सुमारास मोहिनी आली. ती पाटोद्याकडच्या एका वाडीची. आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जात, तेव्हा वसतिगृहात राहून ती शिकली आणि विमान दुरुस्तीचं लायसन मिळवून आली. तिच्या सहीशिवाय विमान उडवायचं नाही, असा नियम. पहिल्याच दिवशी तिने माझा जोड उघडला, आतला हिरवट गंज खरवडला आणि जोड घट्ट आवळला. आकड्याच्या उड्या थांबल्या.

पण आठवड्याभरात निराळंच सुरू झालं. विमान वर चढताना मला खरोखर चटके बसू लागले. एकशे नव्वद. दोनशे दहा. दोनशे बत्तीस. ताप हळूहळू चढत होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. मी जीव तोडून सांगत होतो.

रविराज खाली उतरला तो वैतागूनच. "पुन्हा तोच सेन्सर! मोहिनी, त्याची तार काढून टाक अन् सही कर. बाकी तीन सिलिंडरांचे आकडे पुरे हायत. शुक्रवारपर्यंत फोटो द्यायचेत."

मोहिनीने पडद्यात साठलेले जुने आकडे काढून पाहिले. "सर, मागं आकडा उडी मारत होता. इंजिन असं एका क्षणात शंभर अंश तापत न्हाई. ते तारेचं दुखणं होतं. ह्या वेळी तो पायरी पायरीनं चढलाय. तपासल्याबिगर मी सही करणार न्हाई."

"तुला इथं येऊन महिनाबी झाला न्हाई."

"व्हय सर," ती म्हणाली, पण पेन खिशातच राहिलं.

तिने मला बाहेर काढलं. तिला मला उकळत्या पाण्यात धरून बघायचं होतं. शेडमधली वीज गेलेली, आणि विमानाजवळ जाळ करायचा नाही. माळावर थोड्या अंतरावर साखराबाईंचं पाल होतं. त्या मेंढ्या राखायच्या. मोहिनी मला आणि हातातलं छोटं मीटर घेऊन तिकडे गेली.

"मावशी, चुलीवर थोडं पाणी उकळून द्याल का?"

"देते की. कावून गं? ह्या खिळ्याचा चहा करती का?"

"ताप ह्याला हाय का इंजिनाला, ते बघायचंय."

पाणी खळखळलं आणि मोहिनीने माझं टोक त्यात बुडवलं. मित्रांनो, आजवर मला ठाऊक होती ती धातूची कोरडी आग. ही उष्णता मऊ होती. बुडबुडे मला गुदगुल्या करून वर पळत होते. तिथेच राहावं असं वाटलं.

"अठ्ठ्याण्णव!" मोहिनी ओरडली. "समुद्राकाठी पाणी शंभराला उकळतं, आपल्या उंचीवर अठ्ठ्याण्णवला. बरोबर सांगतोय हा."

साखराबाई म्हणाल्या, "मेंढीचा कान गरम लागला तर आमी लगीच ताप म्हनत न्हाई. आपलाच हात गार असंल. मग दुसरीचा कान धरून बघायचा."

मोहिनी हसली. "माझं पुढचं काम तेच हाय, मावशी."

परत येऊन तिने मला दुसऱ्या सिलिंडरवर बसवलं आणि तिथला सेन्सर माझ्या जागी लावला. रविराजने विमान जागेवरच उभं ठेवून इंजिन चालवलं. नव्या जागी मला गोड ऊब होती. पण माझ्या जुन्या जागी बसलेला तो भाऊबंद कळवळून सांगू लागला, दोनशे, दोनशे दहा, दोनशे वीस! सेन्सर बदलला तरी ताप तिसऱ्या सिलिंडरलाच होता.

रविराजने इंजिन बंद केलं. ते निवल्यावर मोहिनीने झाकण काढलं, बॅटरीचा उजेड पाडून कडा बघितल्या आणि त्याला हाक मारली. समोरून येणारी गार हवा सिलिंडरांकडे वळवायला तिथे रबराची पट्टी असते. तिसऱ्याजवळ ती चिरून उलटी दुमडली होती. हवा तिथूनच निसटून जात होती.

"तसाच उडालो असतो तर?" रविराजने विचारलं.

"किती वेळ निभावलं असतं सांगता येत न्हाई, सर. सिलिंडरला तडा गेला असता, तर इंजिन हवेतच बंद पडलं असतं."

त्याने दुमडलेली पट्टी बोटाने सरळ करून पाहिली. मग म्हणाला, "तार काढ म्हणलो मी तुला. चुकलं माझं."

नवी पट्टी एसटीने बीडला यायला तीन दिवस लागले. शुक्रवार गेला, फोटो उशिरा पोचले, काही बिघडलं नाही. पट्टी बसवून, इंजिन पुन्हा तपासून मोहिनीने सही केली. रविराज म्हणाला, "आता बस माझ्याशेजारी. चल."

ती कधीच विमानात बसली नव्हती. त्या सकाळी आम्ही फार वर गेलो. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशीवर स्थिर होता. वारा गार होता, आणि मला पुन्हा ती जुनी गुंगी आली.

उतरल्यावर मोहिनी धावतच पालाकडे गेली. "मावशी, तुमचं पाल वरून चुरमुऱ्याएवढं दिसतं!"

"आन् माज्या मेंढ्या?"

"त्या तर तीळ!"

मित्रांनो, एक मागणं मागतो. आमच्यासारख्या लहान वस्तूंचे जोड अधूनमधून घट्ट करा, गंज पुसा. आणि एकदा चुकलेल्याला कायमचा खोटारडा ठरवू नका. तो पुन्हा काही सांगू लागला, तर नीट तपासून बघा.

मी अजून दुसऱ्या सिलिंडरवरच आहे. थकलोय, लवकरच मला काढून ठेवतील. पण उकळत्या पाण्यातून मला परत आणलं त्या दिवशी शेडमध्ये मोहिनी वहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती, ते मी ऐकलं आहे. माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलेली तेवढी एकच ओळ:

"सेन्सर तपासला. बरोबर आहे."