काठीवाल्या संताचा चमचा

मित्रांनो, 'चमचा' म्हटलं की तुम्हाला हसू येतं, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या तरी पुढेपुढे करणाऱ्या माणसाला तुम्ही चमचा म्हणता. मी तसला नाही. मी जुना, खराखुरा चांदीचा चमचा आहे. माझ्या दांड्याच्या टोकावर एका ख्रिस्ती संताची छोटीशी मूर्ती आहे. अंगात पायघोळ झगा, हातात काठी, आणि निघालाय कुठेतरी लांब.

एका कारागिराने मला घडवलं. मुशीत चांदी वितळवून त्याने पट्टी ओतली आणि ठोकून ठोकून माझं खोलगट तोंड काढलं. संत वेगळा ओतून, वितळलेल्या धातूचा डाक लावून दांड्याला जोडला. फार सोसावं लागलं. पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, आणि माझ्या तर डोक्यावरच संत बसायचा होता! माझी भावंडंही अशीच. कुणाचा संत किल्लीवाला, कुणाचा पुस्तकवाला, एकाच्या हातात तर चक्क मासा.

आम्ही एका भरल्या घरात आलो. त्या घरातली मुलं जेवायला बसली की आमच्यावरून भांडत. मासेवाला सगळ्यांना हवा असे. मी ज्याच्या वाट्याला येई तो तोंड वाकडं करी. पण आजारी मुलाला औषध द्यायचं असलं की आई मलाच काढायची. "काठीवाला बाबा आलाय, आ कर बघू," असं म्हणायची. कडू औषध पोटात गेलं की मुलं माझ्याकडे रागाने बघत. मला त्याचं वाईट वाटत नसे. काम होत होतं ना!

पुढे घरात स्टीलचे चमचे आले. आम्ही मखमलीच्या पेटीत गेलो. पाहुणे आले की पेटी उघडायची, "अहाहा, काय कारागिरी!" व्हायचं, आणि झाकण बंद. मित्रांनो, नुसत्या कौतुकाने चांदी काळी पडते. आम्ही सगळे काळेठिक्कर पडलो. संतांची नाकंसुद्धा दिसेनात.

ती पेटी आईकडून लेकीकडे आली. ही लेक म्हणजे घड्याळमावशी. सगळी गल्ली तिला याच नावाने ओळखते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून बसली की ती कुणाशी बोलत नसे. एका सकाळी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देता देता तिचा उजवा हात खाली आला, तो परत वर गेलाच नाही. अर्धांगवायूचा झटका होता. तोंडही एका बाजूला ओढलं गेलं.

इस्पितळातून घरी आल्यावर सून तिला भरवू लागली. सून मायाळू होती. पण मावशीने तोंड घट्ट मिटलं.

"आई, दोन घास तरी घ्या."

"मी काय तान्हं बाळ आहे? माझं मी खाईन."

तिला स्टीलचा चमचा दिला. तिच्या आखडलेल्या बोटांत तो ठरेचना. पातळ दांडा सुळकन निसटायचा आणि सूप मांडीवर सांडायचं. दोन्ही वेळा हेच. सून पुसून काढायची, मावशी भिंतीकडे बघत राहायची. डावा हात होता, पण तिला उजवाच परत हवा होता. त्या हाताने तिने जन्मभर काम केलं होतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी एकदा सहज सांगितलं, "जाड दांड्याचा चमचा आहे का घरात? टोकाला काहीतरी अडकेल असा?"

सुनेला पेटी आठवली. तिने एकेक चमचा काढून सासूच्या हातात देऊन पाहिला. पुस्तकवाला टोचला. मासेवाला फिरला. मग माझी पाळी आली. माझा संत तिच्या दोन बोटांच्या बेचक्यात जाऊन बसला आणि अडकला. मावशीने मूठ हलवली. मी पडलो नाही.

सुरुवातीला वाटाणे होते. या वाटीतून त्या वाटीत. निम्मे जमिनीवर. सून वेचायची, मावशी पुन्हा भरायची. चिडून तिने मला भिरकावलंसुद्धा, आणि "आण इकडे त्याला," म्हणून परत मागून घेतलं. मीही ठरवलं होतं, मी निसटायचं नाही.

पण एकदा मी फरशीवर असा आपटलो की संताच्या पायाशी डाक उकलला. संत डुगडुगू लागला. नेमका त्याच आठवड्यात मावशीचा भाचा आला. तो एका संग्रहालयात नोकरीला होता. आमची अख्खी पेटी त्याला द्यायचं मावशीने आजारापूर्वीच कबूल केलं होतं. मला बघून त्याने कपाळावर हात मारला.

"आत्या, अगं ही वापरायची वस्तू आहे का? आता जोडायला नेलात तर तापवून घासताना संताच्या तोंडावर चरा उठेल. आहे तसाच कापसात गुंडाळून दे."

मावशीचे शब्द जड येत, पण स्पष्ट आले. "उठू दे चरा. माझं तोंड तरी कुठे सरळ राहिलंय?"

भाच्याने पेटीकडे नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "आणि बाकीचे?"

"ने की. हा मात्र कामावर आहे."

भावंडं गेली. जाताना काय वाटलं ते सांगत बसत नाही. भाच्यानेच मला चांदीकाम करणाऱ्या बाईंकडे नेलं. पुन्हा आगीत शिरलो. संताच्या गालावर खरंच एक ओरखडा राहिला. पण जोड असा पक्का झाला की हातोडीने तोडावा लागेल.

पुन्हा वाटाणे. मग उकडलेला बटाटा. मग दाट सूप. आणि एका दुपारी मावशी खुर्ची ओढायला लावून सगळ्यांच्या पंक्तीला टेबलाशी बसली. पहिला चमचा हनुवटीला लागला. दुसरा ओठाला. तिसरा सरळ आत गेला. घरातल्यांचे घास हातातच राहिले. सुनेने पदर डोळ्यांना लावला.

"माझ्याकडे काय बघताय सगळे?" मावशी म्हणाली. "आपापलं जेवा. गार होतंय."

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेल. तिच्यातल्या वस्तू पुसा, घासा, पण नुसत्या जपून ठेवू नका. त्यांना हातात घ्या. पडल्या तर उचला, मोडल्या तर जोडून आणा. माझ्या संताचं नाक आता पार झिजलंय, झग्याच्या चुण्या बोटांनी गुळगुळीत झाल्यात. मला त्याचा अभिमान आहे. आता मला जाऊ द्या. मावशीची जेवायची वेळ झाली.