पैठणीची घडी

जान्हवी बोरिवलीहून सकाळीच मुलुंडला आली ती थेट आईच्या कपाटापाशी गेली. परवा तिच्या नणंदेचं लग्न होतं आणि आईची पैठणी नेसायची असं तिने ठरवलं होतं.

"पप्पा, चावी?"

दत्तारामने चावी दिली, पण तोंड वाकडं करून. "ने. निदान कोणाच्या तरी अंगाला लागू दे. तुझ्या आईने तर घडीसुद्धा मोडली नाही."

ही पैठणी म्हणजे त्याचं जुनं दुखणं. लग्नात सुगंधाच्या अंगावर थोरल्या जावेचा उसना शालू होता, ते त्याच्या मनाला कायम लागून राहिलं. त्याची कांजूरमार्गची कंपनी बंद झाली आणि हातात थोडे पैसे आले, तेव्हा तो तिला काही न सांगता दादरला घेऊन गेला. दुकानदाराने पदर उलगडला. त्यावरचे मोर बघून सुगंधा लहान पोरीसारखी हसली. त्या हसण्याचेच त्याने पैसे मोजले होते.

पुढे ते हसू त्याला दिसलं नाही. नव्या साडीची घडी आधी दुसरीने मोडायची, अशी सुगंधाच्या माहेरची रीत होती. साडीला आयुष्य लाभतं म्हणे. म्हणून शेजारच्या जयाला ती आधी नेसायला देणार, एवढं त्याला ठाऊक होतं. पण नंतर लग्न असो की बारसं, सुगंधा निघायची ती आपल्या त्याच आमसुली नारायणपेठेत.

"पैठणी काय कपाटाला नेसवायला घेतली?" तो चिडवायचा.

"नेसेन हो. पळून चाललीय का ती?"

मग त्याने चिडवणंही सोडलं. आवडली नसेल, असं मनाशी धरलं. गेल्या वर्षी सुगंधा गेली आणि विचारायचं ते राहूनच गेलं. एवढी महागाची वस्तू आणली, तिला त्यातून काही मिळालं की नाही? आईनंतर बापाला बरं वाटावं म्हणून मुलाने, हर्षदने, मसाजची भारीतली खुर्ची पाठवली होती. दत्ताराम तिच्यावर टॉवेल वाळत घालायचा.

"पप्पा, काय यार!" जान्हवी आतून ओरडली. "घडी मोडली नाही म्हणता? हा फॉल बघा, पार झिजलाय."

तो आत गेला. पलंगावर मलमलीचं फडकं उघडं पडलं होतं. पैठणीच्या पोटातून तीन-चार ब्लाउज निघाले होते. एक चांगलाच ऐसपैस, एक चिमणीएवढा. त्यातला एकही सुगंधाच्या मापाचा नव्हता.

दत्तारामने दारातूनच हाक मारली. "जयावहिनी, जरा येता?"

जया पदराला हात पुसत आली. ब्लाउज बघितले आणि हसायलाच लागली. "अगं बाई! हा ढगळा माझा. हा तळमजल्यावरच्या इरावतीचा, तिच्या पोराच्या मुंजीतला. आणि हा शर्मिष्ठाचा, साखरपुड्याला नेसली होती. ब्लाउज शिवून घ्यायचा आणि साडीबरोबर परत ठेवायचा, असा सुगंधाचा नियमच होता."

"म्हणजे सगळ्या बिल्डिंगने नेसली?" दत्तारामने विचारलं.

"नेसली काय, सुगंधाच नेसवायची. इथे, ह्या खोलीत, तुम्ही कामावर गेलात की. समारंभात कोणाच्या अंगावर काय, ते तुम्ही पुरुष कुठे बघता! निऱ्या स्वतः घालायची, बाईला खिडकीपाशी उभं करायची आणि स्टूल ओढून समोर बसायची. 'वळ गं जरा. आता पदर सोड.' आम्हाला मुहूर्ताची घाई, आणि हिचं बघणंच संपेना!"

"मग स्वतः का नाही नेसली?" दत्तारामने एक ब्लाउज उचलला.

"नेसली ना एकदा, आरशासमोर. लगेच सोडली. म्हणाली, 'आपण नेसलं की आपल्याला काय दिसतं गं? मान खाली घालून चार निऱ्या. दुसरीने नेसली की अख्खे मोर दिसतात.'"

जान्हवी हसली. दत्ताराम हसला नाही. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला?" जयाने कमरेवर हात ठेवले. "भावोजी, खरं सांगा, काय म्हणाला असता?"

काय म्हणाला असता ते त्याला चांगलं ठाऊक होतं. एवढे पैसे घालून काय गावाला नेसवायला आणली होती?

"दुकानात हसली होती ती," तो म्हणाला.

"दुकानातलं मला नाही माहीत," जया म्हणाली. "इथे बसून हसायची ते माहीत आहे. पाय हलवत बसायची स्टुलावर, पोरीसारखी."

दत्ताराम बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. आतून बांगड्यांचा आणि रेशमाचा आवाज येत होता, जया निऱ्यांवरून जान्हवीला दटावत होती. मग जान्हवीने हाक मारली.

ती खिडकीपाशी उभी होती. पैठणी किती जांभळी आहे तेच तो विसरून गेला होता. कॉटखाली स्टूल होतं, ते त्याने ओढून घेतलं आणि समोर बसला.

"वळ जरा," तो म्हणाला. "पदर सोड."

मोर उलगडले. तो बघत राहिला. बराच वेळ झाला तशी जान्हवी वैतागली.

"पप्पा, बस ना आता! पाय दुखले."

"थांब गं." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला. "जयावहिनी, वरच्या मजल्यावरच्या उत्तराच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? तिला म्हणावं, ब्लाउज शिवून ठेव."