कुंपणापलीकडची पानं

"लिओनीची पानं बघितलीस? हिरव्यावर दूध शिंपडल्यासारखी. तुझ्याकडे एवढं मोठं पान एकही नाही," कपात चहा ओतत एल्मा म्हणाली.

व्हर्नाच्या पोटात दुखलं. ऑस्ट्रेलियात केर्न्समधल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये उभं आयुष्य गेल्यावर तिच्याजवळ उरल्या होत्या दोनच गोष्टी: दर रविवारी चहाला येणारी धाकटी बहीण एल्मा, आणि नक्षीदार पानांच्या कॅलेथिया. तिचं मांजर दिसेल ते पान चावायचं, म्हणून प्राण्यांना न बाधणारी झाडंच तिनं जपली होती. शेजारी आलेल्या लिओनीला कसला विचार करावा लागला? तिनं व्हरांडाभर तो दुधाळ ठिपक्यांचा डिफनबेकिया लावला आणि एल्माला आपल्याकडे ओढलं. आता एल्माचा अर्धा रविवार कुंपणापलीकडेच जाई.

"आणि पिल्लू आणलंय तिनं. कुत्र्याचं. सारखं कुंड्यांशी झोंबत असतं मेलं," एल्मा कौतुकानं म्हणाली.

डिफनबेकियाचं पान चावलं की तोंडाची आग होते, घसा सुजतो, हे व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांवर आले.

"बिस्किट घे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी चहा व्हायच्या आधीच पलीकडून विव्हळणं ऐकू आलं. व्हर्ना अनवाणीच धावली. पिल्लाच्या तोंडातून लाळ गळत होती, जीभ सुजली होती.

"याला काय झालं गं?" लिओनी रडत होती.

"पान चावलंय. धर त्याला. तोंड पुसते मी. एल्मा, गाडी काढ."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काही तास ठेवून घेतलं. पिल्लू वाचलं. परतल्यावर लिओनीनं व्हर्नाचा हात धरला. "तू होतीस म्हणून. पण तुला कळलं कसं?"

लाळ बघून कळलं, असं सांगून वेळ मारून नेता आली असती.

"मला आधीच माहीत होतं," व्हर्ना म्हणाली. "पिल्लू आणलंस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

व्हर्नानं एल्माकडे पाहिलं. एल्मानं नजर वळवली. लिओनीनं हात सोडला.

लिओनीनं डिफनबेकिया काढून टाकला. व्हर्नानं आपली सगळ्यात देखणी कॅलेथिया मुळांपासून दोन केली आणि अर्धी तिच्या पायरीवर ठेवून आली. दार वाजवलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी एल्मा थेट पलीकडेच गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हर्नाला दिसत होतं: लिओनीनं त्या कॅलेथियाची कुंडी मांडीवर धरलेली, एल्मा ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतेय, पायाशी पिल्लू झोपलेलं. दोघी कशावर तरी हसल्या. कुणी हाक मारली नाही.

नळाच्या पाण्यानं या पानांच्या कडा करपतात. व्हर्नानं पिंपातलं पावसाचं पाणी बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली कुंपणाच्या खांबावर, त्यांच्या बाजूनं दिसेल अशी ठेवली.